आटद सर आणि कुमुदचा डाव

"राग आला की तुम्ही आधी काय करता?"

शाळेतल्या माझ्या पहिल्या आठवड्यात भूगोलाच्या सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव-गाव नाही, बी.एड. कुठून केलं ते नाही, माहेर कुठलं तेही नाही. मी दमलेली होते. सकाळी सासूबाईंचं पथ्याचं, मग मुलांचे डबे, मग धारवाडात मळमड्डीतल्या घरून शाळेपर्यंत चालत, आणि वर सलग चार तास मराठी. मी खरं तेच सांगून टाकलं, की भांडी घासते. घासलेली असली तरी परत घासते. सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाघ-बकरी. पण वाघ घ्यायचा नाही. बकऱ्यांकडून खेळायचं, निदान दोन महिने." आणि शिक्षकखोलीच्या फरशीवर खडूनं पट आखायला बसले.

मला वाटलं, माणूस चक्रम आहे. पुढं पंधराएक वर्षं त्यांच्याबरोबर एका खोलीत बसून काढली, पण हे मत काही बदललं नाही. त्याला थोडी माया चिकटली, एवढंच.

मुलं त्यांना 'आटद सर' म्हणायची. शाळा मराठी माध्यमाची, पण मधल्या सुट्टीत मैदानावरचा सगळा कारभार कन्नडात चाले, आणि कन्नडात आट म्हणजे खेळ. खेळाचे सर. खरे खेळाचे, म्हणजे कवायतीचे मास्तर निराळे होते आणि त्यांना या नावाचा फार राग यायचा. आमच्या सरांनी उभ्या जन्मात चेंडूला हात लावला नव्हता. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि खिशात खडूचे तुकडे. त्या खिशावर कायम गुलाबी डाग असे आणि वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, तो धुवायचा नाद केव्हाच सोडला होता. सायकल होती, पण ते तिच्यावर बसत नसत, हातात धरून चालत. बसलं की माणसं भरभर मागं जातात, नीट बघता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. घरापासून शाळा वीस मिनिटांवर. त्यांना पाऊण तास लागायचा, कारण वाटेत तीन-चार माणसं बघून व्हायची.

बघून झालं की निदान. हा शब्द त्यांचाच. प्रत्येक माणसाला एक खेळ लागू पडतो, आणि तो त्याला आवडणारा नसतो, जमणाराही नसतो, असं त्यांचं शास्त्र होतं. हेडमास्तरांना त्यांनी सोंगट्या सुचवल्या होत्या. शाळा आपल्यामुळे चालते असा हेडमास्तरांचा समज होता, आणि फाशांशी गाठ पडली की तो उतरतो म्हणे. शिवणाच्या बाई जे हाती लागेल ते कपाटात कोंबून ठेवत; त्यांना चौदा खळग्यांची अळगुळीमणे. त्यात चिंचोके धरून बसलेला हरतो, वाटत पुढं जाणारा जिंकतो. बुद्धिबळ ते फार थोड्यांना देत. विचार करकरून आधीच झोप उडालेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि धारवाडात निवृत्त लोक फार असल्यामुळे अशी माणसं घरोघरी आहेत, असं ते गंभीरपणे सांगत.

एकदा खेळ दिला की मग ते तोंड उघडत नसत. खेळणारा चुकतोय, वाघ मोकळा सुटतोय, घोडा मरतोय, सर शेजारी उभे राहून नुसते बघत. चाल सांगायची नाही हा त्यांचा कडक नियम. स्वतः ते क्वचितच खेळायला बसत. बसले की समजावं, समोरच्याची परीक्षा चालू आहे.

मी दोन महिने मधल्या सुट्टीत बकऱ्यांकडून खेळले. समोर आमचा शिपाई वाघ घेऊन बसायचा. बकऱ्यांच्या बाजूनं राग काढायला जागाच नसते. एक बकरी मांडायची, वाट बघायची, मग दुसरी मांडायची. त्यानं माझी भांडी कमी घासली गेली असं मुळीच नाही. पण सासूबाई बोलायला लागल्या की त्या कुठून उडी मारणार आहेत ते मला आधी दिसायला लागलं. एवढ्यावर मी सरांच्या शास्त्राला पन्नास टक्के गुण देऊन टाकले.

हे किस्से मी सांगते खरी, पण सर आठवले की मला आधी हे आठवत नाही. कुमुद आठवते.

कुमुद त्यांची एकुलती एक मुलगी. गणितात बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. लग्न होऊन मिरजेला गेली आणि सहा वर्षांनी एक ट्रंक घेऊन परत आली. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, सासरी कुणी छळणारं नव्हतं, त्यामुळे लोकांना काय सांगायचं तेही घरच्यांना कळेना. वहिनी 'तब्येतीसाठी आलीय' म्हणत आणि आत निघून जात. कुमुद मागच्या खोलीत बसून असे. आईला भाकरी थापून देई, कपडे वाळत घाली आणि वडिलांशी दिवसातून दोन वाक्यं बोले, 'पाणी तापलंय' आणि 'पान वाढलंय'. अख्ख्या धारवाडाला खेळ सुचवणाऱ्या माणसाला घरातल्या एका माणसासाठी खेळ सापडत नव्हता. त्यांना बाकी काही नको होतं. तिनं एकदा समोर बसावं, हरताना चिडावं किंवा जिंकताना हसावं, आणि त्या नादात बापाशी बोलावं. "एक डाव बसली की बोलेल हो, बाई," असं ते मला म्हणत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे. कारण ते लग्न ठरलं तेव्हा मी त्या घरात होते.

मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी वहिनींनी मला हाताखाली बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला. मग सरांनी पाहुण्यांची परवानगी घेतली आणि मुलासमोर बुद्धिबळाचा पट मांडला. मुलाच्या वडिलांना मोठी मौज वाटली. मुलगा सरसावून बसला. सरांनी हयगय केली नाही. अर्ध्या तासात त्याला पुरता हरवला. मुलानं एकदा पटाकडे बघितलं, सोंगट्या एकेक करून पेटीत ठेवल्या, 'छान झाला डाव' म्हणाला आणि रुमालाला हात पुसले.

सर आत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले, "हरला, आणि चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. असा माणूस लाखात मिळत नाही." कुमुद ओट्याशी उभी होती. तिनं हळूच विचारलं, की मी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलू का. सर रागावले नाहीत, उलट हसले. मी त्याला अर्धा तास बघितलाय, तू दहा मिनिटांत आणखी काय बघणार, असं काहीसं म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, नोकरी करणारी, माझ्या मताला त्या घरात किंमत होती. मी मान डोलावली. मुलगा शांत दिसतो, असं म्हणाले. माझं स्वतःचं घर सकाळपासून आदळआपटीचं. शांत नवरा म्हणजे केवढं सुख, असं मला मनापासून वाटलं होतं. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

कुमुद परत आली त्याच सुमारास, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, सरकारच्या कुठल्याशा योजनेतून आमच्या शाळेला दोन कॉम्प्युटर आले. ठेवायचे कुठं यावर आठवडाभर सभा झाल्या. शेवटी वरच्या मजल्यावरची नकाशांची खोली अर्धी रिकामी केली. नकाशांची किल्ली भूगोलाच्या सरांकडे होती, म्हणून कॉम्प्युटरही त्यांच्याकडे आले. शास्त्राच्या मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खोलीला पडदे लागले, दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. हेडमास्तरांनी नारळ फोडला तो खाली पायरीवर, कारण पाणी उडून यंत्र बिघडलं तर जबाबदार कोण.

सर तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. बरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका घेऊन ते त्या खोलीत शिरले आणि सहा महिन्यांत त्या यंत्राची भाषा शिकले. ती मुलांना शिकवावी अशी सरकारची अपेक्षा होती. शिकवलीही त्यांनी. पण मुख्य उद्योग म्हणजे खेळ बनवणे. नेमबाजीचे, उड्या मारायचे खेळ त्यांना नको होते. डोकं लावून राज्य चालवायचे, किल्ला लढवायचे, बाजार सांभाळायचे खेळ. पडद्यावर चित्रं कसली, नुसते आकडे आणि प्रश्न. प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवत, टेपरेकॉर्डर जोडून परत चढवत. एक खेळ चढायला आठ-दहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ तो टेपरेकॉर्डर किंचाळत राही आणि सर समोरच्याला प्रश्न विचारून घेत. मधेच वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

कॅसेटवर ते खेळाचं नाव लिहीत नसत. तो कुणासाठी आहे ते लिहीत. 'घाई करणाऱ्यांसाठी.' 'हरायची लाज वाटणाऱ्यांसाठी.' 'दुसऱ्याचं ऐकून न घेणाऱ्यांसाठी.' 'होयबांसाठी.' मुलं आपापली कॅसेट मागायला येत नसत. सर देतील ती घ्यायची. एका पोरानं 'हुशारांसाठी कुठली आहे, सर?' विचारलं, तर त्याच्या हातात 'स्वतःला हुशार समजणाऱ्यांसाठी' ठेवली.

त्यातली होयबांची कॅसेट आमच्या शिपायासाठी बनवलेली. तो भला माणूस, कुणी काहीही सांगितलं तरी 'हौद्रि' म्हणायचा आणि हेडमास्तरांच्या घरची भाजी आणण्यापासून त्यांच्या नातवाला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं करायचा. सरांच्या खेळात तो किल्लेदार. दर थोड्या वेळानं शेजारच्या राजाचा वकील येऊन काहीतरी मागे, धान्य, घोडे, एक बुरूज, आणि यंत्र विचारी, द्यायचं का? होय म्हणायला एक बटण, नाही म्हणायला दुसरं. शिपाई होय दाबत गेला आणि पाच मिनिटांत त्याच्याकडे किल्ला उरला नाही. महिनाभर तो रोज मधल्या सुट्टीत वर येऊन किल्ला घालवत होता. मग एके दिवशी त्यानं ते दुसरं बटण दाबलं. पुढच्या सोमवारी हेडमास्तरांनी भाजीची पिशवी पुढं केली तेव्हा तो अदबीनं म्हणाला, "आगंगिल्लरि." जमणार नाही. हेडमास्तर पिशवी धरून तसेच उभे. त्या आठवड्यात सरांना 'कारणे दाखवा' नोटीस आली, पण कारण काय लिहावं ते हेडमास्तरांना सुचेना, म्हणून ती परत गेली.

हेडमास्तर स्वतः एकदा तळ्याचा खेळ खेळले होते. एक तळं, चार पेठा, बारा महिने. पाऊस किती पडला ते यंत्र सांगणार. कुठल्या पेठेला किती पाणी सोडायचं ते आपण ठरवायचं. नळाच्या पाण्याची वाट बघत बसणाऱ्या हुबळी-धारवाडच्या माणसाला हा खेळ काही निराळा शिकवावा लागत नाही. हेडमास्तरांनी एक थेंब न सोडता तळं गच्च भरून ठेवलं, आणि श्रावणात बांध फुटला. यंत्रात बिघाड आहे असं त्यांनी वर कळवलं.

मलाही एक कॅसेट होती. 'सगळ्यांच्या वाटणीचं स्वतःच करणाऱ्यांसाठी.' मी म्हटलं, सर, मला खेळायला वेळ नाही, घरी जाऊन कणीक भिजवायची आहे. ते म्हणाले, हेच तर लक्षण आहे. मी त्यांच्याकडे लक्ष न देता पिशवी उचलून निघाले. त्या वर्षी मला कशाचाच उत्साह नव्हता. पेपर तपासायचे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, परत यायचं, पेपर तपासायचे.

कुमुदसाठी त्यांनी सात-आठ खेळ बनवून टाकून दिले असतील. एका कॅसेटवरच्या कागदावर 'अबोल माणसांसाठी' लिहून खोडलेलं मी बघितलं. त्याखाली 'रुसलेल्यांसाठी', तेही खोडलेलं. मग 'थकलेल्यांसाठी'. त्यावर काट मारलेली नव्हती, पण पुढं प्रश्नचिन्ह होतं. घरी जाऊन ते तिला खेळाचं वर्णन करत आणि ती ऐकून 'बरं' म्हणे. वहिनींनी एकदा सांगितलं, की हल्ली हे जेवतानासुद्धा तिच्याकडे बघत असतात, आणि ती ताट घेऊन उठून जाते.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला गळ घातली, की काहीही करून तिला शाळेत आणा. मी नाही म्हणू शकले नाही. मी कुमुदला सांगितलं, सहामाहीचे गुण मांडायचेत, माझं डोकं चालत नाही, जरा चल. मदत मागितल्यावर ती लगेच उठली. वर नकाशांच्या खोलीत वडील दिसले तेव्हा तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. तरी ती परत फिरली नाही. चपला काढल्या आणि आत येऊन यंत्रासमोर बसली.

सरांनी तळं चढवलं. दहा मिनिटं टेपरेकॉर्डर किंचाळत होता आणि त्या दिवशी सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. पडद्यावर अक्षरं आली. कुमुदनं ती दोनदा वाचली आणि विचारलं, "यात गळती धरलीय का?"

सर म्हणाले, नाही.

"धरायला पाहिजे की. तळं म्हटलं की गळती असणारच."

सरांनी खिशातून कागद काढला आणि लगेच लिहून घेतलं. दीड वर्षात ती त्यांच्याशी एवढं बोलली नव्हती. कुमुद खेळायला लागली. जून, जुलै. ती भराभर तोंडी हिशेब करत होती, ओठ हलत होते, आणि मला बी.एस्सी.च्या वर्षातली ती मुलगी दिसली, पुस्तकं छातीशी धरून तरातरा चालणारी. ऑगस्ट आला. यंत्रानं सांगितलं, पाऊस नाही. कुमुद विचारात पडली. बोट बटणावर ठेवून ती थांबली.

"खालच्या पेठेचं बंद कर आधी," सर म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी चाल ऐकली नव्हती. कुमुदनं हात मांडीवर घेतले.

"अप्पा, शाळेतल्या पोरांना तुम्ही असं सांगता?"

"नाही."

"मग मलाच का?"

"तू हरशील म्हणून."

तिनं खुर्ची वळवली. मला उठून बाहेर जावंसं वाटलं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. भाजी काय करू विचारावं तशा आवाजात बोलत होती.

"तो हरला आणि चेहरा बदलला नाही, म्हणून तुम्ही मला तिथं दिलंत. तो चेहरा कधीच बदलला नाही, अप्पा. मला टायफॉइड झाला तेव्हा नाही. पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं तेव्हा नाही. 'बरं' म्हणाला आणि ऑफिसला गेला. त्याला हरल्याचं काही वाटलं नाही, कारण त्याला कशाचंच काही वाटत नाही. सहा वर्षं मी त्या चेहऱ्यासमोर बसून जेवले."

पोटातल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. सर गुंडाळलेल्या नकाशांच्या बाकावर बसले. आणि मग, सवय कुठली सुटायला, ते चाचरत म्हणाले, "मग मी तुला दुसरा एखादा..."

"मला खेळ नको, अप्पा," कुमुद म्हणाली. "मला रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचंय. आणि संध्याकाळी दमून परत यायचंय. बाकी मला काही नको."

मी तेव्हा बारा-तेरा वर्षं रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होते आणि रोज संध्याकाळी दमून परत येत होते. त्याला मी रोज बोल लावत होते. हे कुणाला मागावंसं वाटत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी कुमुदचा हात धरला होता, आणि तिला सांगितलं, की तुझ्या लग्नाच्या वेळी मी मान डोलावली ती चूक केली. ती म्हणाली, "मला माहीत आहे, अक्का." माफ केलं असं म्हणाली नाही. हात मात्र सोडवून घेतला नाही.

हुबळीजवळ तारिहाळला पंपाचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. आमच्या यजमानांच्या ओळखीचं कुणीतरी तिथं कामाला होतं, त्यांच्याकडून कळलं, की स्टोअरमध्ये आकडेमोड नीट येणारं माणूस हवंय. एवढंच मी तिच्या कानावर घातलं. अर्ज तिनं स्वतः लिहिला. मुलाखतीच्या दिवशी सर सदरा बदलून, सायकल काढून दारात तयार. मालकाशी पाच मिनिटं बोलतो, माणूस कसा आहे ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. कुमुद म्हणाली, "अप्पा, मी बघते," आणि एकटी बसस्टॉपकडे चालू लागली. सरांनी सायकल परत भिंतीला लावली. त्या दिवशी सातवीच्या वर्गात त्यांनी कृष्णेच्या जागी गोदावरी दाखवली आणि पोरांनी ती दुरुस्त केली.

यानंतर सरांनी निदान करणं सोडलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही झालं नाही. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्यांनी हेडमास्तरांना नवा खेळ सुचवला. कॉम्प्युटर पुढं धूळ खात पडले, कॅसेटवर स्नेहसंमेलनाची गाणी भरली गेली. मी हळहळत त्यांना ते सांगायला गेले, तर म्हणाले, चांगल्या कॅसेट होत्या, गाणी छान येतील. शेवटच्या आजारातसुद्धा त्यांनी तरुण डॉक्टरला बिछान्यावरून विचारलं होतं, की बस चुकली की तुम्ही काय करता. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कुमुद त्याच कारखान्यातून पुढं मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाली, आणि तिच्या नोकरीत काय-काय झालं ते सरांना सगळं, अगदी फोरमनच्या मुलीच्या लग्नापर्यंत, ठाऊक असे.

हे सुरू झालं तो दिवस मी बघितला आहे. कुमुदच्या नोकरीचा पहिला दिवस. संध्याकाळी शाळेतून येताना, जमलं का तिला ते विचारावं म्हणून मी त्यांच्या फाटकाशी थांबले. ती नुकतीच आलेली दिसत होती. चपलासुद्धा न काढता पायरीवर बसली होती, शेजारी डबा, केसांत धूळ. सर व्हरांड्यात खुर्चीवर. तिचं बोलणं चालू होतं, आणि ती चिडलेली होती. हुबळीहून तारिहाळची बस कशी चेंगरून भरते, यंत्रांच्या आवाजानं कान कसे बधिर होतात, दोन मापांचे नट एकाच पेटीत टाकलेले, ते निवडण्यात अख्खा दिवस गेला, आणि वर तो साहेब, उगाचच सगळ्यांवर ओरडतो, कुणाचं ऐकूनच घेत नाही.

साहेबाचं ऐकलं आणि सर खुर्चीत पुढं सरकले. त्यांचं तोंड उघडलं. काय म्हणणार ते मला फाटकाशी उभ्या-उभ्या कळलं, आणि पायरीवर कुमुदलाही कळलं असावं, कारण ती बोलायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

सरांनी तोंड मिटलं. जरा वेळानं विचारलं, "मग?"

कुमुद पुढं सांगू लागली.